बेगमच्या पायाखालची जमीन

जमिनीसाठी भांडणारी, रडणारी, सख्ख्या भावाच्या उरावर बसणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. पण जमिनीवर काडीचाही विश्वास न ठेवणारा माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो आमच्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. ठाण्याच्या कोर्टात ते वकिली करत, आणि त्यांच्याकडे येणारे खटले बहुतेक बांधाचे, वहिवाटीचे, खारजमिनीचे असत. पक्षकार हात जोडून आपली कर्मकहाणी सांगू लागला, की आतोबा त्याला मध्येच थांबवत आणि म्हणत, “तुमचं मी मागाहून ऐकतो. आधी तुमच्या जमिनीचं ऐकू द्या.” मग बैलगाडीने त्याच्या गावी जायचे, बांधावर जोडे काढायचे, धोतराचा सोगा खोचायचा आणि भर उन्हात सगळ्या शेतातून अनवाणी हिंडायचे. टाच आपटून बघायची, काठी रोवून बघायची, कुठे भेग दिसली तर तीत बोट घालून बघायचे. कोलशेतच्या एका खटल्यात ते असे खाडीकाठच्या चिखलात मांडीपर्यंत रुतले आणि विरुद्ध पक्षाच्या माणसांनी त्यांना ओढून बाहेर काढले. बाहेर येताच आतोबांनी त्यांचे आभार मानले नाहीत, तर ही जमीन वहितीखाली असल्याचे तुम्ही शपथेवर कसे सांगितलेत, असे तिथल्या तिथे विचारले. खटला अर्थातच ते जिंकले.

मला तेव्हा ठाण्याच्या इंग्रजी शाळेत नुकतीच मास्तरकी लागली होती आणि मी आत्याकडे राहत होतो. जेवण आत्याच्या हातचे असल्यामुळे तक्रारीला जागा नव्हती, पण त्या जेवणाची वसुली आतोबा रविवारी करत. “चल रे, जरा पाय मोकळे करून येऊ,” असे ते म्हणाले, की मी निमूटपणे डोक्यावर टोपी चढवी. त्यांचे पाय मोकळे होईपर्यंत माझे पाय दुखून जात, शिवाय त्यांचे जोडे मलाच हातात धरून मागोमाग चालावे लागे. रस्त्यात शाळेतली मुले भेटत आणि मास्तरांच्या हातात जोडे बघून कमालीच्या आदराने नमस्कार करत.

त्यांच्या या वेडातून काही म्हणता काही सुटले नव्हते. थोरल्या मुलासाठी कल्याणला मुलगी बघायला गेले, तर चहापोहे होऊन परत येईपर्यंत ते ओटा आणि अंगणच तपासत राहिले. घरी आल्यावर आत्याने विचारले, “कशी आहे मुलगी?”

“अंगण फार उत्तम आहे,” आतोबा म्हणाले. “पावसाळ्यातसुद्धा निसरडं व्हायचं नाही. पाणी बरोबर मागल्या बाजूला काढलंय.”

“अहो, मी मुलीचं विचारते आहे!”

“तेच सांगतोय. अशा अंगणात वाढलेली मुलगी बिचकत पाऊल टाकणारी नसणार.”

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. लग्न मात्र तिथेच झाले, सून चांगली निघाली, आणि नवऱ्याचा हा अंदाज खरा ठरल्याचा राग आत्याला जन्मभर पुरला.

आता घोड्यांकडे वळतो. आतोबा कधी घोड्यावर बसले नव्हते. घोड्याला त्यांनी कधी हात लावल्याचेही कोणाला आठवत नाही. टांग्यात बसायची वेळ आली, तर घोड्याकडे पाठ करून बसत आणि उतरेपर्यंत रामरक्षा म्हणत. तरीही या गृहस्थांना घोड्यांच्या शर्यतींचा असा नाद होता, की भायखळ्याला शर्यत आहे असे कळले की कोर्टाला सुट्टी असो वा नसो, ते आगगाडीने मुंबईला हजर. पैसे लावणे त्यांना ठाऊकच नव्हते. जिंकले कोण, हे त्यांना एकदाही सांगता आले नाही. लोक घोड्यांच्या तोंडाकडे बघत आणि आतोबा घोड्यांच्या खुरांकडे बघत. एकदा शेजारच्या एका व्यापाऱ्याने त्यांना मोठे जाणकार समजून हळूच विचारले, “काय वकीलसाहेब, तो पांढरा कसा वाटतो?” आतोबा गंभीरपणे म्हणाले, “चिंता वाटते.” व्यापाऱ्याने लगेच आपले पैसे दुसऱ्या घोड्यावर लावले आणि पांढरा पहिला आला. “अहो, तुम्ही तर चिंता वाटते म्हणालात!” म्हणून तो अंगावर आला, तेव्हा आतोबा म्हणाले, “अजून वाटते. पुढच्या शर्यतीतही तो याच कडेने धावायचा आहे.”

ठाण्याच्या मैदानावर साहेबलोक थंडीत आपसांत लहानशा शर्यती लावत. त्या मैदानाच्या गवताविषयी आतोबांनी जिमखान्याच्या सेक्रेटरीला इंग्रजीत एक भला मोठा अर्ज पाठवला होता. पावसाळ्यानंतर चिकणमातीला भेगा पडतात, वर हरळी माजल्यामुळे त्या दिसत नाहीत, घोडा मुका असल्यामुळे स्वतः अर्ज करू शकत नाही, सबब मी करतो, असा काहीसा त्याचा मजकूर होता. कोर्टातल्या सवयीने शेवटी ‘आणि या कृपेबद्दल अर्जदार सदैव आपल्या कल्याणाची प्रार्थना करील’ हेही घातले होते. साहेबाचे उत्तर आले, की मैदानावर गुरे चारण्यास परवानगी देता येत नाही. आतोबांनी ते उत्तर सगळ्यांना वाचून दाखवले आणि पुढच्याच रविवारी मैदानाच्या भेगा दाखवायला खुद्द सेक्रेटरीच्या बंगल्यावर गेले. तिथे त्यांनी आधी त्याच्या बागेतली हिरवळ अनवाणी तपासली. साहेबाच्या कुत्र्याला ते आवडले नाही.

हे सगळे आले कुठून, ते मला आत्याने सांगितले. आतोबा नवे वकील असताना याच मैदानावर एका सरळ, मोकळ्या धावेत एका अरबी घोड्याचा पाय गवताखालच्या भेगेत अडकला आणि काडकन मोडला. शर्यतीच्या घोड्याचा पाय मोडला, की त्याला गोळी घालतात. घोडा तीन पायांवर उठून उभा राहिला होता आणि आजूबाजूच्या माणसांकडे बघत होता. आतोबा त्या वेळी अगदी समोर होते. गोळीच्या आवाजाने सगळ्यांनी डोळे मिटले, यांनी मिटले नाहीत. घरी येऊन ते जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर जाऊन ती भेग त्यांनी स्वतःच्या हाताने माती घालून बुजवली. “तेव्हापासून हे असं आहे,” आत्या म्हणाली. “हसायचं तर हस तू. मीही हसते. पण त्यांच्यासमोर घोड्याचा विषय काढून हसू नकोस.” मी तिच्यापुढे मान डोलावली आणि हसणे काही सोडले नाही, कारण आतोबांच्या सहवासात न हसता राहणे माणसाच्या हातात नव्हते.

कल्याणचे एक इनामदार आतोबांचे सर्वांत मोठे पक्षकार होते. त्यांच्या जमिनींचे तंटे इतके होते, की आत्याचा निम्मा संसार त्यांच्या खटल्यांवरच चाले. माणूस दिलदार आणि हौशी होता. मुंबईच्या सरदारांचे पाहून त्यांनीही शर्यतीची घोडी घेतली, राखाडी रंगाची, लांब मानेची, फार देखणी. तिचे नाव बेगम. मोहने गावाच्या अलीकडे नदीकाठी त्यांचा माळ होता. त्याच्यावर गवत राखून त्यांनी गोल धावपट्टी आखली आणि दरवर्षी पौषात शर्यत लावायचे ठरवले. पहिल्याच वर्षी खुद्द कलेक्टरसाहेबांनी यायचे कबूल केले, तेव्हा इनामदारांना आभाळ ठेंगणे झाले. आतोबांना अर्थातच आमंत्रण होते. आम्ही सकाळच्या गाडीने कल्याणला उतरलो आणि इनामदारांनी पाठवलेल्या बैलांच्या धमणीतून माळावर पोचलो.

मंडप, तोरणे, ताशेवाले, सगळा थाट होता. साहेब यायला अवकाश होता. आतोबांनी जोडे माझ्या हातात दिले आणि ते धावपट्टीवर अनवाणी चालू लागले. मंडपातली मंडळी एकमेकांना कोपराने ढोसून हसू लागली. गवत चांगले होते, आतोबांची मुद्रा प्रसन्न होती, मधूनमधून ते माझ्याकडे वळून मान हलवत होते. नदीकडच्या वळणावर मात्र ते एकाएकी दिसेनासे झाले. मी धावत गेलो, तर आतोबा उताणे पडलेले, पगडी एकीकडे, काठी दुसरीकडे.

झाले होते असे. त्या वळणावरचे गवत थंडीत जळून गेले होते आणि तिथे मातीचा मोठा बोडका पट्टा उघडा पडला होता. कलेक्टरसाहेबाच्या नजरेला हे ओंगळ दिसू नये म्हणून इनामदारांनी आपल्याकडे पाहुणा यायचा असला की जे करतात तेच केले होते. आदल्या दिवशी गड्यांकडून तो सगळा पट्टा खळ्यासारखा चोपून चोपून टणक केला होता आणि वाडीतल्या बायका बोलावून शेणाने झकास सारवून घेतला होता. कडेने रांगोळीही होती. त्याच्यावर रात्रभर दव पडले होते. जमीन इतकी सुंदर दिसत होती, की तिच्यावर पाटपाणी मांडून पंगत बसवावी.

आतोबा उठले आणि तसेच शेणाने माखलेल्या धोतरानिशी मंडपात गेले. “इनामदार, हे वळण बदला. नाहीतर शर्यत रद्द करा.”

इनामदार हसू आवरत म्हणाले, “वकीलसाहेब, लागलं तर नाही ना फार?”

“मी दोन पायांवर सावकाश चालत होतो तर पडलो. तुमची बेगम तिथे भरधाव येणार आहे, आणि वळणार आहे. तिच्या पायाला लोखंडी नाल आहे.”

“अहो, तिला चार पाय आहेत!” इनामदार म्हणाले, आणि सगळा मंडप खदखदून हसला. “दोन घसरले तरी दोन राहतात.”

आतोबा हसले नाहीत. “घसरून एक मोडला तर तुम्ही काय कराल ते मला ठाऊक आहे. मी पाहिलंय ते.”

इनामदारांचा चेहरा उतरला. मग ते जरा चढ्या आवाजात म्हणाले, “साहेब तासाभरात येतील. त्यांच्यासमोर माझी शोभा करायची आहे का तुम्हाला? जमिनीचं कोर्टात बघा. इथं मालक मी आहे.” शब्द साधे होते, पण त्यांत काय होते ते आतोबांना कळले आणि मलाही कळले. हे खटले गेले, तर घरी काय उरणार हे कोणीही सांगू शकले असते, आणि आत्या तर बिनचूक सांगू शकली असती.

आतोबांनी खांद्यावरचे उपरणे काढून हातात घेतले. ते परत वळणावर गेले, उपरणे पसरून पट्ट्याच्या बरोबर मधोमध पद्मासन घालून बसले, डोळे मिटले आणि गायत्रीचा जप सुरू केला. आता जपाला बसलेल्या ब्राह्मणाला उठवणार कोण? दोन गडी आले आणि लांबूनच नमस्कार करून परत गेले. इनामदार आले, चुळबुळत उभे राहिले, “वकीलसाहेब, संध्या ठाण्याला झाली असेल ना?” असे म्हणाले. उत्तर म्हणून आतोबांनी आवाज चढवला. इनामदार परत फिरल्यावर जपातच आतोबांनी एक डोळा उघडला आणि मला म्हणाले, “धर्माला बोलाव. नांगर घेऊन. पळ.”

धर्मा म्हणजे पलीकडच्या शेतातला आगरी म्हातारा. त्याचा बांधाचा खटला आतोबांनी चालवला होता. मी निरोप सांगताच तो घाबरला. “मालकाचे मैदानान नांगर घालू? मास्तर, मना काय खुळा समजता? माझे पाठीचा साल काढतील.”

“आतोबा तिथे जपाला बसलेत.”

“जपाला? मैदानान?” तो क्षणभर विचारात पडला. “मंग कायतरी देवाचाच काम आसल,” असे म्हणून त्याने बैल सोडले.

अशा रीतीने कलेक्टरसाहेबांची गाडी माळावर आली, तेव्हा त्यांना दिसले ते हे: शर्यतीच्या वळणावर एक ब्राह्मण मोठमोठ्याने मंत्र म्हणतो आहे, त्याच्याभोवती एक म्हातारा नांगर फिरवतो आहे, त्याच्या सुना ठोकळ्यांनी ढेकळे फोडताहेत, आणि एक मास्तर हातात जोड्यांचा जोड घेऊन उभा आहे. साहेबाने इनामदारांना विचारले, हे काय? इनामदारांच्या कपाळावर थंडीत घाम फुटला. पण माणूस हजरजबाबी. ते म्हणाले, “भूमिपूजन, साहेब. शर्यतीआधी धरित्रीची क्षमा मागायची आमच्याकडे फार जुनी चाल आहे.” साहेबाने ताबडतोब टोपी काढली. मडमेनेही मान लववली. ते बघून ताशेवाल्यांनी ताशा सुरू केला आणि कोणीतरी धावत जाऊन नारळ आणला. आतोबा जप म्हणतच उठले, त्यांची बसायची जागाही नांगरली गेली, पट्टा मऊ झाला, त्याच्यावर फळी फिरली, वर भाताचे तूस पसरले, आतोबांनी चारही बाजूंनी टाच रोवून पाहिली आणि मगच जप आवरता घेतला.

शर्यत झाली. बाकीच्या घोड्यांबरोबर बेगम वळणावर आली तेव्हा मी आतोबांकडे बघत होतो. त्यांनी माझा दंड धरला होता, आणि त्यांची बोटे माझ्या दंडावर दुसऱ्या दिवशीपर्यंत उमटलेली होती. मऊ मातीत बेगमचा वेग तुटला, माती उडाली, ती वळली आणि पुढे गेली. कलेक्टरसाहेबांच्या दोस्ताचा घोडा पहिला आला आणि बेगम मागे राहिली. टाळ्या चालू असताना आतोबा म्हणाले, “चल, गाडी चुकेल.” इनामदारांनी त्यांना निरोपाचे पानही दिले नाही. महिन्याभरात सगळे खटले दुसऱ्या वकिलाकडे गेले.

गंमत अशी, की साहेबाला ते भूमिपूजन फार आवडले होते. पुढच्या वर्षी त्याने चिठ्ठी पाठवून तो विधी कधी आहे हे विचारले, त्यामुळे इनामदारांना दरवर्षी नारळ फोडून ते वळण नांगरावे लागले. बेगमही दरवर्षी धावली. आतोबांना आमंत्रण कधी आले नाही. ठाण्याला त्यांच्यामागे लोक त्यांना ‘जपवाले वकील’ म्हणत आणि समोर आले की गालातल्या गालात हसत. घर मात्र काटकसरीने चालू लागले. आत्याने आपल्या पाटल्या मोडल्या आणि त्याबद्दल ती नवऱ्याला एका शब्दाने बोलली नाही. इतर सगळ्या गोष्टींबद्दल बोलत राहिली.

मी एकदा त्यांना विचारले, “आतोबा, कदाचित ती घसरलीही नसती. पट्टा तसाच ठेवला असता आणि बेगम सुखरूप पार झाली असती, तर?”

“तर फार चांगलं झालं असतं,” ते म्हणाले.

“मग तुमचे खटले फुकट गेले की!”

“असतील,” आतोबा म्हणाले. “घसरली असती की नाही, हे आता कोणालाच कळायचं नाही. मलाही नाही. मला ते कळून घ्यायचं नव्हतं, म्हणून तर बसलो.” आणि त्यांनी चटकन विषय बदलून आमच्या शाळेच्या पायऱ्या किती गुळगुळीत झाल्या आहेत ते सांगायला सुरुवात केली.

पुढे बेगम म्हातारी झाली, तिचे धावणे थांबले आणि इनामदारांनी तिला त्याच माळावर चरायला मोकळे सोडले. आतोबांना कल्याणला वरचेवर कामे निघू लागली. ती कामे काय असत ते मला एकदा त्यांच्याबरोबर गेल्यावर कळले. ते माळाच्या कुंपणाबाहेर चांगले लांब उभे राहिले, तिला चरताना बघत राहिले आणि मग स्टेशनची वाट धरली. घरी येऊन “ठीक आहे,” एवढेच म्हणाले. आत्याने “बरं,” म्हटले आणि पान वाढायला घेतले.

शेवटच्या दिवसांत आतोबा अंथरुणाला खिळले. पाय सुजले होते, जमिनीला टेकवत नव्हते. मी शाळेच्या कामाने कल्याणला गेलो होतो, तिथे इनामदारांच्या घोड्यांची निगा राखणारा म्हातारा मोतद्दार भेटला आणि त्याने बेगम गेल्याचे सांगितले. परत आल्यावर हे सांगावे की नाही, याचा विचार करतच मी त्यांच्या खोलीत शिरलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितले आणि ओळखले.

“कशी गेली?” त्यांनी विचारले.

“म्हातारपणाने. सकाळी गवतात आडवी झाली, ती उठली नाही. मोतद्दार शेजारीच होता.”

 आतोबांनी हळूच विचारले, “पाय?”

“चारही धड होते, आतोबा.”

“हं,” ते म्हणाले. त्यांनी डोळे पुसले, कूस बदलली आणि आत्याला हाक मारून म्हणाले, “ऐकलंस का? चारही धड होते.” आत्या दारातच उभी होती. ती आत आली, त्यांच्या सुजलेल्या पायांवर पांघरूण घातले आणि तिथेच पायांशी बसून राहिली.